बोर्डाच्या डोक्यावरचा पाइप

बुधवार, ६ फेब्रुवारी. राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला दिवस

ही वही मार्लीनने दिली. म्हणाली, "बाबा, रोज काय काम झालं ते यात लिहा, म्हणजे फोनवर मला थापा मारता येणार नाहीत." मुलगी कोलंबसला राहायला गेली आणि तिथून बापाची मुकादम झाली. बरं, लिहितो.

मी एमिल हुडाक, वय बहात्तर. पिट्सबर्गच्या पोलाद मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं पाइप जोडले. वाफेचे, तेलाचे, पाण्याचे, सगळे. मी जोडलेला सांधा गळत नाही. हे मी नाही, अख्खा स्लोव्हाक क्लब म्हणतो.

आता भानगड अशी. गेल्या महिन्यात, मी शनिवारी क्लबात पत्ते खेळत असताना, व्हेरोना तळघरात स्टुलावरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. म्हणे, "मुरंब्याची बरणी काढत होते." मुरंब्याचं फडताळ एका भिंतीला आणि स्टूल सापडलं समोरच्या भिंतीला, विजेच्या बोर्डाखाली. पडताना माणूस कुठल्या कुठे जातो. फरशी ओली होती, त्यावरून पाय घसरला असणार.

मार्लीन धावत आली आणि आईचं मनगट बघायचं सोडून तळघर बघत बसली. आमच्या टेकडीवरच्या सगळ्या घरांसारखंच आमचंही आहे. गल्लीतून दार थेट तळघरात उघडतं. मी मिलमधून काजळी होऊन यायचो, तिथेच शॉवर, तिथेच कमोड, धुऊन मगच वर. भिंतीबिंती नाहीत, एक पडदा आहे. पलीकडे व्हेरोनाची खालची चूल, कारण वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी. आणि कमोडशेजारी भिंतीवर विजेचा बोर्ड. मार्लीन याच तळघरात लहानाची मोठी झाली, पण कोलंबसला जाऊन तिचे डोळे बदलले.

"बाबा, इथे माणूस जेवतो, इथे आंघोळ करतो आणि मध्ये अख्ख्या घराची वीज आहे!"

"सगळं हाताशी," मी म्हणालो.

तर तिची अट. ईस्टरच्या आत खाली नीट भिंतींची न्हाणी बांधायची, धरायला दांडा लावायचा, आईला शॉवरमध्ये बसायला बाक करायचा, आणि नगरपालिकेच्या तपासनिसाची सही आणायची. सही मिळाली तर आम्ही इथे राहायचं. नाही मिळाली तर घर विकून तिच्या जवळच्या फ्लॅटमध्ये. तो फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे आणि तिथे तळघरच नाही. व्हेरोना अट ऐकत होती. बेचाळीस वर्षं ज्या ओट्यावर पीठ मळलं, त्यावरून हात फिरवत बसली. तेवढ्यावरून मी हो म्हणालो.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

शेजारचा चेस्टर पावलक आला. जन्मभर वीजतंत्री, जातीचा पोलिश, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि ते कधी विसरू देत नाही. बोर्डासमोर उभा राहिला, टेप काढला, आणि हातभर जीभ बाहेर आल्यासारखा चेहरा केला.

"एमिल, बोर्डासमोर तीन फूट मोकळे हवेत. तुझी कपडे धुवायची कुंडी तर बोर्डाच्या मांडीवर बसली आहे."

"हलवू."

"रुंदीला अडीच फूट. कमोड भिंतीआड गेला की बोर्ड भिंतीबाहेर राहायला हवा. न्हाणीत बोर्ड चालत नाही."

"ठेवू बाहेर."

"आणि हा." त्याने वर बोट केलं. "हा पाइप."

बोर्डाच्या वर दहा इंचांवरून माझा तांब्याचा पाइप जातो. मिल बंद झाली त्या वर्षी, ८६ साली, जुना लोखंडी काढून मी स्वतः टाकला. तीन एल्बो, म्हणजे कोपऱ्याचे तुकडे, सगळे सांधे माझ्या हाताने झाळलेले. पाइपाला मधोमध एक आकडा आहे. व्हेरोना दर ईस्टरला दूध-अंडी आटवून ह्रुदका करते, तो गोळा फडक्यात बांधून निथळायला त्या आकड्याला टांगते, आणि खाली बोर्डावर कॉफीचा रिकामा डबा ठेवते. डबा आणि फडकं वर्षभर तिथेच असतं. मी एकदोनदा काढायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. ईस्टरला परत शोधत बसावं लागतं." बायकांची शिस्त.

"बोर्डाच्या डोक्यावर छतापर्यंतची जागा विजेची," चेस्टर म्हणाला. "तिथे पाण्याला मज्जाव. हा हलव, एमिल."

"दहा इंच आहेत मध्ये."

"पाणी खाली पडायला इंच मोजत नाही."

"मी जोडलेला सांधा..."

"गळत नाही, माहीत आहे," असं म्हणून त्याने व्हेरोनाकडे पाहिलं. व्हेरोना बटाटे सोलत होती. एका हाताने इतक्या जोरात कोणी बटाटे सोलत नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी

क्लब. दोन डाव जिंकलो. परत आलो तर चेस्टरची टोपी जिन्याच्या कठड्यावर. "मापं घ्यायला आलो होतो," म्हणाला. गुरुवारी घेतलेली मापं शनिवारपर्यंत बदलतात की काय!

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

चर्चच्या सभागृहात उपासाची मासळी, कारण या शुक्रवारी मटण वर्ज्य. व्हेरोना प्लास्टर घातलेल्या हाताने पिरोगीच्या, म्हणजे आमच्या बटाट्याच्या करंज्यांच्या, कडा दाबत होती आणि वर इतरांना शिकवतही होती. आमच्या टेबलावर तपासणीचा विषय निघाला. मी माझ्या पाइपाची हकिकत सांगितली. बावीस वर्षं, अख्ख्या घराची वीज खाली, आणि एक थेंब नाही. लोक वाहवा म्हणाले. चेस्टरला त्याच वेळी ठसका लागला. काटा अडकला म्हणाला. त्याच्या ताटात मासा नव्हता, कोबी होता.

बुधवार, २० फेब्रुवारी

आज तपासनीस येऊन गेली. टॉलिव्हर बाई. पस्तिशीची, पायात बूट, कमरेला टेप, बोलणं गोड आणि पेन लाल. कुंडी मी आधीच हलवली होती. भिंतींच्या खुणा जमिनीवर खडूने काढल्या होत्या. ऐटीत दाखवल्या.

सकाळपासून व्हेरोना का कोण जाणे कावरीबावरी होती. नळ सोडायला गेलो तर पाणी नाही. म्हणाली, "रस्त्यावर काम चाललंय, दुपारी येईल." कॉफीचा डबाही घासायला काढला होता आणि आकड्याला धुतलेलं फडकं. पाहुणीसाठी किती करावं माणसाने!

टॉलिव्हर बाईंनी समोर मोजलं. तीन फूट एक इंच. मान डोलावली. रुंदी मोजली. मान डोलावली. मग वर पाहिलं.

"मिस्टर हुडाक, हा पाण्याचा पाइप बोर्डाच्या बरोबर वर आहे."

"हो. तांब्याचा. मीच टाकला."

"काम सुंदर आहे," त्या म्हणाल्या. मी फुललो. "पण इथून काढावा लागेल."

"बावीस वर्षांत एक थेंब गळला नाही."

"तेविसाव्या वर्षासाठीच नियम असतात," त्या म्हणाल्या आणि भिंतीवर लाल चिठ्ठी चिकटवली. जाताना बोर्डाच्या वरच्या पत्र्यावरून त्यांनी बोट फिरवलं. तिथे एक वाटोळा गंजका डाग आहे, डब्याचा. बोटाकडे पाहिलं, मग व्हेरोनाकडे पाहिलं. व्हेरोनाने त्यांना केक दिला.

दुपारी पाणी आलं. रस्त्यावर मात्र कोणी काम करताना दिसलं नाही.

शनिवार, २३ फेब्रुवारी

क्लबातून परत आलो. पुन्हा टोपी. हा तिसरा शनिवार.

मी म्हणालो, "चेस्टर, सोमवार ते शुक्रवार मी घरीच असतो. मापं तेव्हाही घेता येतात."

"शनिवारी माझा हात चांगला चालतो," तो म्हणाला.

व्हेरोना गालातल्या गालात हसली. चेस्टरची बायको जाऊन चार वर्षं झाली. तो पिरोगीवर जीव टाकतो. मी काही म्हणत नाही. फक्त नोंद करून ठेवतो, मार्लीनने सांगितलंय म्हणून.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

रविवारी एक युक्ती सुचली. नियम काय म्हणतो? बोर्डापासून छतापर्यंत पाइप दिसता कामा नये. मग छतच खाली आणलं तर? बोर्डाच्या वर सहा इंचांवर खोटं छत बसवायचं, पांढऱ्या फळ्यांचं. पाइप राहील छताच्या वर, बोर्ड राहील खाली. दोघांची सोयरीक तुटली. दोन दिवसांत लाकडाची चौकट ठोकली.

व्हेरोना जिन्यात उभी राहून बघत होती. "मग माझा आकडा?"

"ईस्टरला एक फळी सरकवू."

"आणि डबा?"

"डब्याचं काय एवढं? दुसरीकडे ठेव."

ती खाली आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "एमिल, पाइपच काढ ना. बाईंनी सांगितलंय, चेस्टरने सांगितलंय." माझ्या कामाविरुद्ध बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मला राग आला. मी म्हणालो, त्या पाइपात खोट काढणाऱ्याला माझ्यातही खोट दिसत असणार. हे बोलायला नको होतं. ती वर निघून गेली. लिहिताना वाईट वाटतंय, पण पाइप चांगला आहे ही गोष्ट खरी.

बुधवार, ५ मार्च

टॉलिव्हर बाई आल्या. पुन्हा पाणी बंद होतं. या गावात बुधवारी रस्ते खणायची पद्धतच पडलेली दिसते. भिंती उभ्या राहिल्या आहेत, दार झालं, दांडा लागला, बाक लागला, बोर्ड भिंतीबाहेर. बाईंनी सगळ्याचं कौतुक केलं. मग नवीन छताखाली उभ्या राहिल्या आणि विचारलं, "हे केव्हा झालं?"

"आवडलं?"

त्यांनी टेपच्या टोकाने एक फळी हळूच वर ढकलली. वर माझा पाइप, गुन्हा पकडल्यासारखा चमकत होता.

"मिस्टर हुडाक, खोटं छत आम्ही छत धरत नाही. खरी तुळई धरतो."

मी सांगितलं की हे माझं घर आहे. त्या म्हणाल्या, "आणि त्यात तुमच्या मिसेस राहतात. त्यांच्यासाठीच मी हे सांगते आहे." दुसरी लाल चिठ्ठी. शेवटची तारीख गुरुवार, २० मार्च. त्यानंतर परवाना संपला.

रात्रीच्या जेवणाआधी मार्लीनचा फोन. फ्लॅटवाल्यांशी बोलून ठेवलंय म्हणे. "बाबा, आता हट्ट पुरे." व्हेरोनाने फोन ठेवला आणि एकच ताट तीनदा पुसलं. तिला नवव्या मजल्यावर जायचं नाही. मलाही नाही. मग पाइप काढून टाकायला माझं काय जातंय? तेच तर कोणाला सांगता येत नाही. मिल बंद झाल्यावर माझ्या हातून झालेलं ते पहिलं काम. ते कापायचं म्हणजे...

पुढे लिहिवत नाही.

शनिवार, ८ मार्च

हे सगळं नीट लिहिणार आहे.

दहाला क्लबात गेलो. पत्त्यांत लक्ष लागेना. डोळ्यांसमोर चेस्टरची टोपी. साडेदहाला डाव टाकून उठलो आणि गल्लीतून आलो, तळघराच्या दाराने, आवाज न करता. बेचाळीस वर्षं संसार केलेला माणूस स्वतःच्या घराच्या दाराला कान लावून उभा. लाज वाटली, पण लावला.

दार किलकिलं होतं. आत माझ्या खोट्या छताची एक फळी बाजूला सरकवलेली. चेस्टर स्टुलावर, पायाखाली रबरी चटई. हातात कॉफीचा डबा, काठोकाठ भरलेला. खाली व्हेरोना, चांगल्या हातात टॉर्च.

"हळू, चेस्टर. सांडू नको. जानेवारीत माझ्या हातून सांडलं आणि मी खाली."

"व्हेरोना, आता पुरे. विजेच्या डोक्यावरून पाणी उतरवायला मी जन्मभर शिकलो का? तू ईस्टरपर्यंत सांगितलं नाहीस तर मी सांगणार."

"तू सांगितलंस तर तो तुझ्याशी भांडेल."

"भांडू दे."

"आणि मी सांगितलं तर भांडणारसुद्धा नाही. खुर्चीत जाऊन बसेल. मी एकदा पाहिलंय ते. मला परत नाही बघायचं."

मी दार ढकललं. चेस्टर स्टुलावर तसाच राहिला, डबा छातीशी धरून. वरच्या सांध्याला बांधलेलं फडकं ओलं होतं. त्याच्या टोकाला एक थेंब जमला, फुगला आणि डबा नव्हता म्हणून सरळ बोर्डाच्या पत्र्यावर पडला. टप्. इतका छोटा आवाज.

"कधीपासून?" मी विचारलं.

व्हेरोनाने टॉर्च बंद केला.

"व्हेरोना, कधीपासून?"

"तू जोडलास त्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून."

बावीस वर्षं. मी चेस्टरकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस. मला जानेवारीपासून माहीत आहे. हात मोडल्यावर तिला डबा उतरवता येईना म्हणून मला बोलावलं, आणि तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली. म्हणून तर ओरडत होतो, पाइप हलव, पाइप हलव!" मग तो स्टुलावरून उतरला, डबा कुंडीत ओतला, परत जागेवर ठेवला आणि टोपी न घेता निघून गेला.

व्हेरोना खुर्चीवर बसली. मी उभाच.

"मिल बंद झाली तेव्हा तू चार महिने खुर्चीतून उठला नव्हतास," ती म्हणाली. "दाढी नाही, क्लब नाही. मार्लीन शाळेतून आली की तुझ्याजवळून चोरपावलांनी जायची. मग तू हा पाइप काढलास. जोडून झाला त्या दिवशी शिट्टी वाजवत वर आलास आणि म्हणालास, मी जोडलेला सांधा गळत नाही. तिसऱ्या आठवड्यात मला थेंब दिसला. मी काय सांगणार होते, एमिल? डबा ठेवला. कधी महिनाभर थांबायचा, वाटायचं बरा झाला. मग परत सुरू. शनिवारी तू क्लबात गेलास की मी ओतायचे."

"आणि मुरंबा?"

"कुठला मुरंबा?"

"जानेवारीत. स्टुलावर चढलीस तो."

"मला मुरंबा आवडत नाही. तुला इतकंही ठाऊक नाही." आणि ती चक्क हसली.

मला हसू आलं नाही. ओले हात, पत्र्याचा डबा, खाली अख्ख्या घराची वीज, आणि ही बाई स्टुलावर टाचा उंचावून. दर शनिवारी. आणि मी दोन चौकांपलीकडे पत्ते पिसत माझ्या सांध्याच्या बढाया मारतोय. नुसतं मनगट मोडलं. नुसतं मनगट. मी तिचा प्लास्टरचा हात धरून खाली फरशीवर बसलो आणि रडलो. ती म्हणाली, "ऊठ, गुडघे धरतील." धरलेच. उठवायला चेस्टरला फोन करावा लागला.

रविवार, ९ मार्च

खुर्चीत बसलो नाही. ती दिवसभर बघत होती बसतो का.

सोमवार, १० मार्च

आधी खोटं छत तोडलं. मग चेस्टरने मेन खाली केला, बोर्डावर रबर पांघरलं. मी पाणी बंद केलं आणि करवत घेतली. व्हेरोना म्हणाली, "मी वर जाऊ का?" मी म्हणालो, थांब, तू नाही तर कोण थांबणार!

कापलेला एल्बो चष्मा लावून पाहिला. पुढच्या बाजूने झाळ अंगठीसारखी गोल, देखणी. मागच्या बाजूला, भिंतीकडे, नखाएवढी जागा कोरी. तिथे झाळ पोचलीच नव्हती. तेव्हा आरसा धरून मागे बघायला हवं होतं. शिकाऊ पोराला यासाठी मी कामावरून घरी पाठवलं असतं. मी पाहिलं नाही, कारण मला गरज वाटली नाही.

चेस्टर माझ्या खांद्यावरून डोकावला. मला वाटलं, आता हा जन्मभर पुरवून खाणार. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "पुढून छान आहे." चांगला माणूस आहे. पिरोगी खाऊ दे त्याला.

शुक्रवार, १४ मार्च

नवा पाइप समोरच्या भिंतीने नेला, कुंडीच्या वर. बोर्डापासून सव्वापाच फूट. सगळे सांधे झाळले. या वेळी प्रत्येक सांध्यामागे व्हेरोनाने चांगल्या हाताने तिचा पावडरचा आरसा धरला.

"डावीकडे," मी म्हणायचो.

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

"झाळीच्या!"

चार तासांत बेचाळीस वर्षांची भांडणं उरकली. पाणी सोडलं. दोघं कुंडीसमोर खुर्च्या टाकून तासभर बसलो. एक थेंब नाही. तरी ती अजून दहा मिनिटं बसू म्हणाली.

गुरुवार, २० मार्च

टॉलिव्हर बाई. आज पाणी चालू होतं. बाईंनी समोर मोजलं, रुंदी मोजली, वर पाहिलं. बोर्डाच्या डोक्यावर तुळईपर्यंत मोकळी हवा. एवढी रिकामी जागा बघून मलाच चुकल्यासारखं वाटत होतं.

"पाइप कुठे गेला?"

"जिथे असायला हवा होता तिथे."

मग त्यांना कुंडीच्या नळाला टांगलेलं गाठोडं दिसलं. व्हेरोनाने पहाटेच ह्रुदका केला होता आणि त्यातून पिवळंधमक पाणी निथळत होतं. "आणि हे काय?"

"ईस्टरचं," व्हेरोना म्हणाली. "याला परवाना लागतो का?"

"विजेपासून लांब आहे तोवर नाही." बाई हसल्या. मग त्यांनी बोर्डाच्या पत्र्यावरच्या त्या वाटोळ्या डागावरून पुन्हा बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. या वेळी त्यांनी ते व्हेरोनाला दाखवलं. दोघींना पहिल्याच दिवसापासून सगळं कळलं होतं असं दिसतं. या घरात वही लिहिणारा सोडून सगळ्यांनाच कळतं.

हिरवी चिठ्ठी. सही. मार्लीनला फोन केला. ती म्हणाली, "मग आता मी त्या फ्लॅटवाल्यांना काय सांगू?" मी म्हणालो, सांग, आईबाप खाली राहतात.

शनिवार, २२ मार्च

उद्याच्या ईस्टरच्या जेवणाच्या टोपल्यांना आशीर्वाद घ्यायला चर्चमध्ये गेलो. मार्लीन काल आली. न्हाणीत जाऊन दांड्याला लोंबकळून बघितलं, बाकावर बसून बघितलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. कोलंबसची मुकादम खूश.

सभागृहात लांबच लांब टेबल, त्यावर रांगेने टोपल्या. पाव, हॅम, रंगवलेली अंडी, लाल बीट, आणि आमच्या टोपलीत फडक्यात ह्रुदका. क्लबातले सगळे जमलेले. खजिनदार पॅट म्हणाला, "काय एमिल, झाली का सही? होणारच. तुझा सांधा कधी गळलाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चेस्टर टोपलीतल्या अंड्यांकडे बघत होता. मी दोन आठवडे मनात हे वाक्य जुळवत होतो, ते आता म्हटलं. मोठ्याने म्हटलं, म्हणजे परत घेता येऊ नये.

"गळलाय. बावीस वर्षं गळत होता. विचारा व्हेरोनाला."

सगळे व्हेरोनाकडे वळले. ती टोपलीवरचं फडकं सारखं करत होती. मान वर न करता म्हणाली, "काहीतरीच काय! एक थेंब नाही गळला कधी."

सगळे हसले. पॅट म्हणाला, "हा बुवा म्हातारपणी विनय शिकला." मी शपथ घेतली, चेस्टरला साक्षीला ओढलं. चेस्टरने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझ्या पाहण्यात नाही बुवा."

अख्ख्या सभागृहात माझ्यावर विश्वास ठेवायला एकही माणूस नव्हता. पाद्रीबाबा पाणी शिंपडत आले. टोपलीवर शिंपडलं, माझ्यावर शिंपडलं, आणि व्हेरोनाने तिच्या चांगल्या हाताने माझ्या चष्म्यावरचे थेंब पुसले.